गाडीतला वास येतो कुठून आणि जातो कसा

गाडी आतून-बाहेरून धुऊन आणली, डॅशबोर्डवर नवी परफ्यूमची डबी चिकटवली, तरी आठवडाभरात तोच कुबट वास परत येतो. सकाळी दार उघडताच तो नाकात शिरतो, पण पाच मिनिटे गाडी चालवली की जाणवेनासा होतो. डिसेंबरच्या थंडीत ज्या गाडीला वासच नसतो, तीच मे महिन्याच्या दुपारी छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात तासभर उन्हात उभी राहिली की आत बसवत नाही.

या तिन्ही कोड्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. हवा काचा खाली केल्यावर क्षणात बदलते. वास देणारा पदार्थ मात्र सीटच्या फोममध्ये, मॅटिंगखाली किंवा एसीच्या कॉइलवर बसलेला असतो आणि नव्या हवेतही आपले रेणू सोडत राहतो. त्यामुळे वास घालवणे म्हणजे आधी तो पदार्थ शोधणे, मग काढणे आणि शेवटी ती जागा कोरडी करणे.

नाक, हवा आणि ऊन

पदार्थाचे जे रेणू उडून हवेत मिसळतात, तेच नाकाला कळतात. नाकाच्या वरच्या भागात गंध टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. उडून आलेला रेणू त्यांतल्या काहींना चिकटला की मेंदूला संदेश जातो. मात्र तोच वास सतत येत राहिला की हे ग्राहक आणि मेंदू दोघेही त्याची दखल घेणे कमी करतात. म्हणून रोज गाडी वापरणाऱ्याला आपल्या गाडीचा वास कळत नाही, पाहुण्याला मात्र पहिल्या मिनिटात कळतो. वास गेला की नाही हे ठरवायचे तर गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी दार उघडल्यावरचा पहिला श्वास घ्यावा, किंवा दुसऱ्या कोणाला आत बसवून विचारावे.

घरात न जाणवणारा वास गाडीत का झोंबतो, याचे उत्तर आकारात आहे. १० बाय १२ फुटांच्या आणि १० फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. छोट्या गाडीच्या केबिनमध्ये ती जेमतेम ३ घनमीटर भरते. तेवढाच पदार्थ गाडीत सांडला तर हवेतले त्याचे प्रमाण कितीतरी जास्त होते.

त्यात उन्हाची भर पडते. काचेतून आलेला सूर्यप्रकाश डॅशबोर्ड आणि सीट तापवतो, तापलेली हवा बाहेर पडायला वाट मिळत नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाहेरचे तापमान २२ ते ३६ अंश सेल्सिअस असताना बंद गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले. त्यातली सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली आणि काचा किंचित खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. छत्रपती संभाजीनगरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा दिवशी बंद गाडीतली हवा ६० अंशांच्या आसपास पोचू शकते, डॅशबोर्ड त्याहूनही तापतो. तापमान वाढले की रेणू उडण्याचा वेगही वाढतो, आणि हिवाळ्यात गप्प बसलेला डाग उन्हाळ्यात बोलू लागतो.

नव्या गाडीचा वास

नव्या गाडीचा वास अनेकांना आवडतो. तो येतो प्लॅस्टिक, फोम, रेक्झीन, गोंद आणि रंग यांतून उडणाऱ्या रसायनांमुळे. टोल्युईन, झायलीन, स्टायरीन, फॉर्मल्डिहाइड ही त्यांतली काही. प्रमाण जास्त असेल तर डोळे चुरचुरतात, डोके दुखते. चीनने २०११ साली गाडीच्या आतील हवेतल्या अशा आठ रसायनांसाठी मर्यादा सुचवल्या. त्यात फॉर्मल्डिहाइडची मर्यादा दर घनमीटर हवेत ०.१० मिलिग्रॅम आहे.

गाड्या बनवणाऱ्यांनाही या वासाची काळजी घ्यावी लागते. जालना रस्त्यावरच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे आणि त्याच समूहातल्या ऑडीच्या काही गाड्यांची जुळणीही तिथे झाली आहे. जर्मनीतल्या इंगोलश्टाट इथल्या ऑडीच्या मुख्य कारखान्यात १९८५ पासून वास तपासणाऱ्यांचे एक पथकच काम करते. जर्मन वाहन उद्योगाच्या ठरलेल्या पद्धतीनुसार सीटच्या कापडाचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा झाकणबंद काचेच्या बरणीत घालून ८० अंशांना दोन तास तापवतात. मग तपासणारे झाकण किलकिले करून हुंगतात आणि १ ते ६ गुण देतात. १ म्हणजे वास नाही, ६ म्हणजे असह्य. ८० अंश हे तापमान मराठवाड्याच्या उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड पाहिलेल्याला अवाजवी वाटणार नाही.

ही रसायने पहिल्या काही महिन्यांत बरीचशी उडून जातात. तोवर गाडी सुरू करण्याआधी चारही काचा मिनिट-दोन मिनिटे खाली ठेवाव्यात आणि शक्यतो सावलीत गाडी लावावी. शोरूममधून आलेले सीटवरचे पारदर्शक प्लॅस्टिक महिनोन्महिने तसेच ठेवण्याची सवय आपल्याकडे आहे. त्याने सीट जपली जाते असे वाटते, पण त्याखाली रसायनांची वाफही अडकते आणि घामाची ओलही. ते पहिल्याच दिवशी काढलेले बरे.

एसी लावताच येणारा कुबट वास

गाडीतल्या वासाची सर्वांत नेहमीची तक्रार हीच. एसी लावल्यावर पहिला झोत ओल्या मोज्यासारखा येतो आणि थोड्या वेळाने वास कमी होतो.

डॅशबोर्डच्या मागे, भारतीय गाड्यांत बहुधा डाव्या बाजूला, एसीची कूलिंग कॉइल असते. तिच्यातून थंड वायू फिरतो आणि ब्लोअर तिच्यावरून हवा ढकलतो. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून जसे पाणी सुटते, तसेच या थंड कॉइलवर हवेतली वाफ थेंबांच्या रूपाने जमते. हे पाणी एका नळीतून गाडीखाली टपकते. एसी बंद केला की कॉइल ओलीच राहते. ओल, अंधार आणि कॉइलच्या पात्यांमध्ये अडकलेली धूळ, परागकण, केस यांवर बुरशी व जिवाणूंचा चिकट थर धरतो. कुबट वास त्या थराचा असतो. जून ते सप्टेंबर या काळात हवेत बाष्प जास्त असल्याने कॉइलवर पाणीही जास्त सुटते आणि तक्रारी तेव्हाच वाढतात.

पहिला उपाय फुकटचा आहे. मुक्कामाला पोचण्याआधी तीन-चार मिनिटे एसीचे बटण बंद करावे, पण ब्लोअर चालू ठेवावा आणि बाहेरची हवा आत घ्यावी. वाहत्या हवेने कॉइल सुकते आणि बुरशीला हवी ती ओल मिळत नाही. गाडीच्या चित्रात वळलेला बाण असलेले बटण दाबले की आतलीच हवा फिरते. वाळूजच्या रस्त्यावर ट्रकमागे धूर-धुळीत हे बटण कामाचे, पण ते कायम चालू ठेवले की प्रवाशांच्या श्वासातले बाष्प आणि वास आतच कोंडतो.

दुसरा उपाय एसी फिल्टरचा. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्समागे असतो. काही जुन्या किंवा स्वस्त मॉडेलांत कंपनीकडून तो बसवलेलाच नसतो. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करून त्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो पूर्ण खाली झुकतो. मागे आडवे झाकण दिसते, ते उघडून घडीच्या कागदासारखा फिल्टर बाहेर ओढायचा. काळपट-तपकिरी झालेला, पाने व किडे अडकलेला किंवा ओला फिल्टर धुण्यापेक्षा बदललेला चांगला. त्याच्या कडेवर हवेच्या दिशेचा बाण छापलेला असतो, नवा बसवताना तो पाहावा. साधारण १० ते १५ हजार किलोमीटरला फिल्टर बदलायला सांगतात. धुळीच्या रस्त्यांवर तो आधीच भरतो.

एवढे करूनही वास राहिला तर कॉइल साफ करावी लागते. फवाऱ्याच्या डब्यातला फेस लांब नळीने कॉइलवर सोडतात. तो मळ सुटा करतो, वितळतो आणि पाण्याच्या नळीवाटे खाली जातो. ही नळी तुंबलेली असेल तर पाणी उलटे केबिनमध्ये येते आणि डाव्या बाजूच्या पायाखालचे मॅटिंग भिजते. पावसाळ्यात पंधरा मिनिटे एसी चालवून गाडीखाली पाण्याचे थारोळे दिसले नाही तर नळी तपासावी. मे महिन्याच्या कोरड्या हवेत मात्र पाणी फारसे सुटतच नाही, तेव्हा ही परीक्षा लागू पडत नाही.

मॅटिंगखालची ओल

गाडीच्या तळाला वर कार्पेट आणि खाली जाड फोम किंवा नमदा असतो. वरून कार्पेट कोरडे वाटते, खालचा थर मात्र पाणी धरून बसतो. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर तिच्यावर बुरशी धरू लागते.

पाणी शिरण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. पुढच्या काचेखाली, वायपरजवळ, एक जाळी असते. झाडाखाली उभ्या गाडीत कडुनिंबाची, गुलमोहराची बारीक पाने त्या जाळीत साचतात, पाण्याची वाट बंद होते आणि ते ब्लोअरच्या तोंडातून आत उतरते. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोके असतात, ती चिखलाने बुजतात. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या नळ्या तुंबतात. दाराचे रबर फाटलेले असू शकते. पाऊस नसतानाही ओल येतेच. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात २० लिटरचा पाण्याचा जार मागच्या सीटवर ठेवून आणणे नेहमीचे; झाकण सैल निघाले की दोन-तीन लिटर पाणी सहज फोममध्ये मुरते.

फ्लोअर लॅमिनेशन किंवा चिकटून बसणारी जाड मॅट असेल तर ही ओल दिसतच नाही आणि सुकतही नाही. शोधायची रीत सोपी आहे. मॅट काढून कार्पेटवर टिश्यू पेपर ठेवायचा आणि त्यावर टाचेने जोर द्यायचा. कागद ओला झाला तर खाली पाणी आहे. मग दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिक पट्टी उचलून कार्पेटची कड वर करावी, खाली विटेचा किंवा लाकडाचा ठोकळा सरकवावा आणि दारे उघडी ठेवून पंखा लावावा. जाड फोम पूर्ण वाळायला दोन-तीन दिवसही लागतात. सीटच सोडवायची असेल तर ते काम मेकॅनिककडे द्यावे; सीटखालची पिवळ्या वेष्टणाची वायर बहुधा एअरबॅगशी जोडलेली असते.

दूध, रस्सा, मासळी

सांडलेले दूध हा गाडीचा सर्वांत चिवट शत्रू. जिवाणू दुधातल्या साखरेचे आम्ल करतात म्हणून ते आंबते. स्निग्धांश फुटून ब्युटिरिक आम्ल तयार होते, ज्याला खवट, ओकारीसारखा वास असतो. हे आम्ल अगदी थोडे असले तरी नाकाला कळते. नान-खलियाच्या डब्यातून ओघळलेल्या तर्रीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिच्यातले तेल कापडात पसरते, हवेतल्या ऑक्सिजनने खवट होते आणि नुसत्या पाण्याने निघत नाही.

ताजे सांडले असेल तर पहिला तास महत्त्वाचा. जाड सुती कापड दाबून टिपून घ्यावे. घासले तर द्रव आणखी खोल जातो. मग थंड किंवा कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब घालून जागा ओलसर करावी आणि पुन्हा टिपावी. असे दोन-तीनदा केले की बराचसा भाग निघतो. साबण तेलाला धरतो, म्हणून रश्श्यावरही हीच रीत चालते. त्यानंतर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्यावा.

सोडा काम करतो त्यामागे रसायनशास्त्र आहे. तो सौम्य अल्कली आहे. ब्युटिरिक आम्लाशी त्याची क्रिया होऊन क्षार तयार होतो आणि क्षार उडत नाही, त्यामुळे नाकापर्यंत पोचत नाही. मासळीच्या वासाचे उलटे आहे. सुकट-बोंबलाच्या वासामागचे ट्रायमिथिलअमाइन स्वतःच अल्कली आहे, म्हणून तिथे सोड्याचा उपयोग नाही. पाण्यात पातळ केलेले व्हिनेगर किंवा लिंबाचा रस तिथे चालतो. मासळी तळल्यावर हाताला लिंबू चोळतात, त्यातही हेच घडते. आंबूस वासाला सोडा आणि मासळीच्या वासाला आंबट, हे लक्षात ठेवले तर चुकत नाही. दोन्ही एकदम टाकू नयेत. ते एकमेकांवरच खर्ची पडतात.

घाटात लहान मुलाला झालेली उलटी, लघवी किंवा फोममध्ये खोल गेलेले दूध यांसाठी एन्झाइमयुक्त क्लीनर जास्त कामाचा. त्यातली एन्झाइम प्रथिने व स्निग्धांशाचे लांब रेणू तोडतात. त्यांना वेळ आणि ओल लागते, म्हणून फवारून लगेच पुसू नये. गरम पाण्याने ती निकामी होतात.

धूर आणि उंदीर

सिगारेट-बिडीच्या धुरात डांबरासारखे अतिसूक्ष्म थेंब असतात. ते छताच्या कापडावर, काचेच्या आतल्या बाजूला आणि सीटबेल्टवर पिवळसर थर धरतात. त्यामुळे नुसती सीट धुऊन भागत नाही. काचा आणि सर्व कडक पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने पुसावे लागतात, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून स्वच्छ करावे लागतात आणि एसी फिल्टर बदलावा लागतो. छताचे कापड मात्र फार भिजवू नये, त्यामागचा गोंद सुटून ते लोंबू लागते.

बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत ब्लोअरच्या तोंडातून उंदीर शिरतो आणि कधी आतच मरतो. कुजका वास ब्लोअर चालू करताच वाढला तर तिथेच पाहावे. हातमोजे आणि मास्क घालून मेलेला उंदीर व घरटे काढावे, जंतुनाशकाने जागा पुसावी आणि हवेच्या तोंडाला बारीक जाळी बसवून घ्यावी.

सुगंध, कापूर, कोळसा आणि ओझोन

गाडीत टांगायची झाडाच्या आकाराची सुगंधी पुठ्ठ्याची पट्टी १९५२ साली अमेरिकेत ज्युलियस सॅमन या रसायनतज्ज्ञाने तयार केली. दुधाच्या गाडीत सांडलेल्या दुधाच्या वासाला कंटाळलेल्या चालकाची तक्रार त्यामागे होती, असे सांगतात. सुगंधाने दूध जात नाही, त्यावर दुसरा वास चढतो इतकेच. बंद, तापलेल्या केबिनमध्ये असे दोन उग्र वास एकत्र आले की अनेकांना मळमळते.

कापराच्या वड्यांची पुरचुंडीही सुगंधाच्याच जातीची. कापूर उन्हात झपाट्याने उडून जातो, शिवाय तो ज्वालाग्राही आहे आणि लहान मुलाने तोंडात टाकला तर झटके येऊ शकतात. डांबरगोळ्या गाडीत ठेवूच नयेत. नॅफ्थलीनची वाफ तान्ह्या मुलांसाठी विशेष घातक असते.

सक्रिय कोळसा खरोखर वास शोषतो. नारळाच्या करवंट्यांपासूनही तो बनवतात. त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि एका ग्रॅमचे अंतर्गत क्षेत्रफळ ५०० ते १५०० चौरस मीटर भरते. हवेतले रेणू त्या छिद्रांच्या भिंतींना चिकटतात. चुलीतल्या कोळशात इतकी छिद्रे नसतात. मात्र पिशवीतल्या कोळशाची धाव हवेतल्या रेणूंपुरतीच. मॅटिंगखाली पाणी असेल तर त्याचा इलाज नाही.

काही डिटेलिंगवाले ओझोन यंत्र लावून देतात. ओझोन वासाच्या रेणूंशी क्रिया करून त्यांचे रूप बदलतो, म्हणून धुराच्या मुरलेल्या वासावर तो चालतो. पण तो फुफ्फुसांना अपायकारक आहे आणि रबरही खराब करतो. यंत्र चालू असताना गाडीत कोणी नसावे, आणि नंतर चारही दारे उघडून गाडी चांगली हवेशीर केल्याशिवाय आत बसू नये. सफाईच्या आधी ओझोन लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे. मूळ पदार्थ आत असेल तर वास पुन्हा येणारच.

साफसफाईने न सुटणारे वास

काही वास मळाचे नसतात, बिघाडाचे असतात. ते लपवणे धोक्याचे.

नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून सीएनजीमध्ये गंधकयुक्त रसायन मिसळतात. सडक्या कोबीसारखा तो वास आला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, दारे उघडावीत, सर्वांनी उतरून लांब जावे आणि कोणतेही स्विच दाबू नये. पेट्रोलचा वास टाकी भरल्यावर थोडा वेळ येणे वेगळे. तो रोज येत असेल तर पाइप किंवा टाकीचे झाकण तपासून घ्यावे.

गोडसर वास आणि काचेवर आतून तेलकट धुके दिसले तर कूलंट गळत असते. सडक्या अंड्यासारखा वास जास्त चार्ज होणाऱ्या बॅटरीचा किंवा सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या बिघाडाचा असू शकतो. कन्नडच्या औट्रम घाटात हाफ क्लचवर गाडी चढवली की करपट वास येतो. तो क्लच प्लेटचा. जळक्या प्लॅस्टिकचा वास वायरिंगचा, बाहेरून लाइट किंवा म्युझिक सिस्टिम बसवली असेल तर तिथे आधी पाहावे. धुराड्याचा वास केबिनमध्ये आला तर काचा उघडून लगेच गॅरेज गाठावे, कारण त्या धुराबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो.

चौकट: कोणत्या वासाला काय करावे

• एसी लावताच कुबट: फिल्टर बदला, कॉइल साफ करा, उतरण्याआधी ब्लोअरने कॉइल सुकवा.
• पावसाळ्यात दमट: मॅट व लॅमिनेशनखाली पाहा, पाण्याची वाट शोधा, फोम पूर्ण वाळवा.
• आंबूस किंवा खवट: टिपा, साबणाचे पाणी, मग खाण्याचा सोडा, जुन्या डागाला एन्झाइम क्लीनर.
• मासळीचा: पातळ व्हिनेगर किंवा लिंबू.
• सिगारेटचा: काचा, सीटबेल्ट, कडक भाग पुसा, फिल्टर बदला, गरज पडल्यास शेवटी ओझोन.
• कुजका, ब्लोअरबरोबर वाढणारा: उंदीर शोधा, नंतर जाळी बसवा.
• नव्या गाडीचा: प्लॅस्टिक काढा, सावलीत लावा, काचा उघडून हवा खेळवा.
• गॅस, पेट्रोल, गोडसर, करपट, धुराड्याचा: साफसफाई नको, मेकॅनिक बोलवा.